सात कोटी एकोणचाळीस लाखांचे साडू

आमच्या साडूंइतका एका आकड्याच्या प्रेमात पडलेला माणूस परभणी जिल्ह्यातच काय, अख्ख्या मराठवाड्यात झाला नसेल. पिंगळीच्या स्टेशनावर ते तिकिटं द्यायचे. तिकिटावरचा नंबर मूळ संख्या, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग न जाणारी निघाली, की खिडकीतून वाकून सांगायचे, "लय भारी तिकीट मिळालं तुमाला. उतरल्यावर देऊ नका कुणाला." एका म्हाताऱ्यानं खरंच दिलं नाही आणि परभणीच्या फाटकावर तिकिटं गोळा करणाऱ्याशी तासभर हुज्जत घातली. पण त्यांचा खरा जीव जडला होता ७३९३९१३३ वर. हिला कशानंच भाग जात नाही. शेवटचा तीन पुसा, उरलेलीलाही जात नाही. असं पुसत पुसत एकटा सात उरेपर्यंत. "आन् याच्याहून मोठी अशी दुसरी न्हाई, दाजी," ते मला बजावायचे, जणू मी एखादी लपवून ठेवलीय.

मी थोरला जावई, पालमला गणित शिकवणारा मास्तर. आणि पोखर्णीच्या सासुरवाडीत कौतुक या तिकीटबाबूंचं. ते पाटीवर आकडा लिहायचे, मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, हातानं एकेक अंक पुसून घ्यायचे, आणि मामा दर वेळी नव्यानं हरखायचे. एकदा बायको मला म्हणाली, "तुमी असलं काही कधी सांगितलं न्हाई." ते मला फार लागलं.

विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पेटला तेव्हा एस.टी. बंद, शाळा बंद. लोक भीतीनं दारं लावून बसले होते आणि मी, सांगायला लाज वाटते, घरात बसून साडूंचा आकडा फोडत होतो. एकेक मूळ संख्या घ्यायची, भागायचं, बाकी उरली की पुढची. चौथ्या वहीत, चार हजारांच्या पुढच्या एकीनं भाग गेला. बाकी शून्य.

एस.टी. सुरू झाल्यावर पोखर्णीत सगळे जमले, तेव्हा मी वही पुढं केली. साडूंचं बोट ओळींवरून खाली सरकलं, एका ओळीवर थांबलं, पुन्हा वर गेलं. मग वही मिटून ते म्हणाले, "बरोबर हाय, दाजी. जायलाय भाग."

"मास्तर ते मास्तरच," मामा म्हणाले.

घरी येऊन बायकोला दाखवायला भागाकार पुन्हा मांडला, तर बाकी उरली. हातचा एक मीच विसरलो होतो, त्याच ओळीत. रविवारी पिंगळी गाठली.

"तुमाला चूक दिसली होती ना?"

"दिसली की."

"मग बोलला का नाही?"

साडू तिकिटांची चवड सारखी करत म्हणाले, "वही काढताना तुमचे हात थरथरायलते, दाजी."

मामांना खरं सांगतो, असं मी तिथंच कबूल केलं. मग दर दिवाळीला ठरवत राहिलो. मामा गेले ते मलाच हुशार समजून. तेराव्याच्या पंगतीत एका पाहुण्यानं साडूंना विचारलं, "तुमचा तो पुसायचा आकडा होता ना, सांगा की."

"होता," साडू म्हणाले. "आमच्या दाजींनी फोडला."

एवढं बोलून त्यांनी वाढप्याला हाक मारली आणि माझ्या पानावर भात वाढायला सांगितला. मी मान खाली घालून जेवत राहिलो.