गुळगुळीत लेपाची पूजा

हाडातली पोकळी भरण्यासाठी आम्ही बटणाएवढ्या सच्छिद्र चकत्या घडवीत होतो. त्यांवर सिरॅमिकचा लेप चढवायचा, हाडाच्या पेशी सोडायच्या आणि त्या कुठल्या लेपावर अधिक रुजतात ते पाहायचे; एवढ्यावर माझी पीएच.डी. टांगलेली होती. लेप दोन. एक खरबरीत, बोटाला ज्वारीच्या भाकरीसारखा लागणारा. दुसरा गुळगुळीत, मोत्याच्या झळाळीचा. पहिला माझ्या आग्रहाचा, दुसरा माझ्या मार्गदर्शक सरांच्या अभिमानाचा. पेशींना पाय रोवायला खाचखळगे हवेत, असे मी म्हणे. सर म्हणत, "परीक्षकांसमोर खरबरीत काही मांडू नये."

तीन आठवडे मी त्या पेशींचे गुलाबी पोषकद्रव बदलत राहिले. मग खंडेनवमी आली. त्या दिवशी नागपुरात जेसीबीपासून शिलाई मशीनपर्यंत साऱ्यांना हळदकुंकू लागते. आमच्या विज्ञाननिष्ठ प्रयोगशाळेनेच मागे का राहावे? झेंडूचा उग्र दरवळ, उदबत्तीचा धूर, पेशींना उबेत ठेवणाऱ्या इन्क्युबेटरच्या दारावर सरांनी स्वहस्ते रेखलेले स्वस्तिक. श्रद्धा तेवढ्यावर थांबती तर! सरांनी गुळगुळीत चकत्यांचा ट्रे बाहेर काढला आणि झाकण उचलले.

"काहून उघडता सर? मरतीन ना थे," झाडलोट करणाऱ्या मावशी म्हणाल्या. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या.

"अहो मावशी, कुंकू काय प्लॅस्टिकला लावायचं?" सर म्हणाले. ते परदेशी परिषदा गाजवून आलेले.

मी कुंकवाची वाटी पुढे केली. प्रबंधावर सही त्यांची हवी होती.

चौथ्या दिवशी पोषकद्रव हळदीच्याच रंगाचे झाले आणि त्यावर बुरशीची मऊ, राखाडी लव उगवली. सरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"वाढ जोमदार आहे."

"बुरशीची, सर."

"मग तुझ्या हाताळणीत दोष असणार."

पूजेच्या मानापासून वंचित राहिलेला खरबरीत ट्रे तेवढा सुखरूप होता. पण तुलनेला जोडीदारच उरला नाही, आणि नव्या पेशी मिळवून पुन्हा सुरुवात करण्यात माझे वर्ष गेले.

पुढच्या खंडेनवमीआधी मावशी कानाशी लागल्या. "सरायले रिकामा डब्बा दे ना वं पोरी. त्यायले का समजते?"

मी पेशी न सोडलेल्या कोऱ्या, लखलखीत चकत्यांचा एक ट्रे मांडला आणि खरे दोन्ही ट्रे आत ठेवून इन्क्युबेटरला कुलूप घातले. सरांनी झाकण उचलून मनोभावे अक्षता वाहिल्या, डोळे मिटले. "यंदा नक्की रुजणार," ते म्हणाले.

कुलपाआडच्या उबेत खरबरीत लेपावर पेशी पाय पसरून बसल्या होत्या. गुळगुळीतावरच्या घसरत होत्या.