अंगाकडे फिरवलेली तार

मला पोचवायला आई मिरज स्टेशनवर आली, तेव्हा तिच्या केसांत कापसाचे तंतू तसेच अडकलेले होते. लग्नाला पंधरा दिवस झाले होते. नवरा मद्रासजवळ आवडीच्या कारखान्यात नोकरीला. हे इचलकरंजीत सांगितलं की गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "आवडीची नोकरी मिळाली, नशीब काढलं पोरानं." आवडी हे गावाचं नाव आहे हे समजावून सांगता सांगता माझ्या नाकी नऊ आले. गाडी हलायच्या बेतात असताना आईनं पदराआडून एक कांडी काढून माझ्या हातात दिली. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात बसते ती सुताची नळी. पांढऱ्या सुतानं गच्च भरलेली. "तिकडं दोरा मिळतोय का न्हाई कुनाला ठावं," ती म्हणाली. बाकीच्या लेकींच्या आया स्टेशनवर रडतात म्हणे. माझ्या आईनं दोरा दिला.

आमच्या घरात चरखा होता आणि आई गल्लीतल्या मागांसाठी कांड्या भरायची. शाळेतून आले की मीही बसायची. सूत तुटलं की आईचं एकच वाक्य ठरलेलं: "वढू नगं, यिऊ दे." रागवायची नाही, मारायची नाही, पण हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की माझ्या बारशालाही तेच म्हटलं असेल. आम्ही भरलेल्या सुताचं कापड कुठं जायचं, कोण नेसायचं, काही पत्ता नसे. कापडाच्या ठाणावर छाप कारखानदाराची. कांडीवाल्या बाईचं नाव कापडाला लागत नाही, हे मला कुणी शिकवलं नाही. ते दिसतच होतं.

मद्रासच्या एग्मोर स्टेशनवर उतरले तेव्हा मला तमिळचा एक शब्द येत नव्हता. "तण्णी" म्हणजे पाणी, हा पहिला शब्द तहानेनं शिकवला. दोन वर्षांनी आवडीशेजारच्या अंबत्तूरच्या एका लहानशा कारखान्यात बायका हव्यात असं कळलं. ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल गुंडाळायच्या होत्या. केसापेक्षा बारीक तांब्याची तार, हजारो फेरे, एक तुटला की सगळं फुकट. सुपरवायझरनं नमुना करायला दिला. मी तारेला हात लावला आणि मला हसूच आलं. एवढं लांब आले, भाषा बदलली, भात बदलला, आणि हातात आली ती कांडीच! फरक एवढाच, की तिथल्या यंत्राचा दांडा अंगापासून दूर फिरवायचा होता आणि आमचा चरखा आम्ही अंगाकडे फिरवायचो. आठवडाभर मनगट दुखलं, मग सवय झाली.

त्या कारखान्यात मी वीस वर्षांच्या वर काढली. मधूनच व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी ट्रान्सफॉर्मर करून घेणारे हौशी लोक यायचे. काचेचे जुने व्हॉल्व्ह, दिव्यासारखे पेटणारे. ते लोक कॉइल हातात घेऊन दागिन्यासारखी बघायचे आणि मग कारखान्याच्या मालकाचे आभार मानून जायचे. एकदा एकानं आपला अ‍ॅम्प्लिफायर आणून आम्हा बायकांना गाणं ऐकवलं. तेव्हा मला कळलं, की आवाज शेवटी माझ्या तारेतून बाहेर पडतोय. त्या दिवसापासून स्वतः अ‍ॅम्प्लिफायर बनवायचं खूळ डोक्यात शिरलं. रिची स्ट्रीटच्या इलेक्ट्रॉनिक सामानाच्या बाजारात जाऊन जाऊन दुकानदारांना पिडलं, चटके खाल्ले, एकदा शॉकही खाल्ला. नवरा म्हणायचा, "कारखान्यातून मी रिटायर होणार, पण घरात तू कारखाना काढणार."

मागच्या वर्षी आमचा कारखाना बंद झाला. दुसऱ्या एका कारखानदारानं सुपरवायझर म्हणून बोलावलं. मी थोडी मुदत मागून घेतली. मनाशी ठरवलं होतं: डाव्या-उजव्या स्पीकरसाठी एक-एक अशी अ‍ॅम्प्लिफायरची जोडी पूर्ण माझ्या हातानं करायची. ओळखीच्यांनी कौतुक म्हणून घेतली तर ती गणतीत नाही. मला न ओळखणाऱ्या माणसानं कानानं पारखून घेतली, तर मी बनवणारी. नाही तर मुकाट्यानं डबा घेऊन पुन्हा कामावर.

त्याच सुमाराला आई माझ्याकडे राहायला आली होती. गावाकडं आता नवे माग आलेत, त्यांना धोटाच नाही, मग कांडी कुठली? तिचे हात रिकामे होते आणि रिकामे हात तिला सोसत नाहीत. डाव्या बाजूच्या कॉइलची बारीक तार माझ्याकडून तिसऱ्यांदा तुटली तेव्हा ती म्हणाली, "सरक तिकडं." दोन दुपारी बसून तिनं सगळे फेरे घातले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले डोळे खिडकीबाहेर आणि बोटं तारेवर. एकदाही तुटली नाही. वरची जाड तार मग मी घातली. फेऱ्यांचा आकडा बरोबर होता, मीटरवरही सगळं ठीक होतं. आतल्या तारांच्या जुड्या मी आईनं स्टेशनवर दिलेल्या त्याच सुतानं बांधल्या. इतकी वर्षं पुरवून वापरलेलं सूत तिथं संपलं, कांडी रिकामी झाली. आई गावी परतली.

गिऱ्हाईक मिळालं ते एग्मोरचंच, स्टेशनमागच्या गल्लीतलं. रावसार, म्हणजे आपले राव सर, बँकेतून निवृत्त, तंजावरच्या मराठी घरातले. त्यांची मराठी पोथीतली आणि सूर तमिळ. फोनवर मला वाटलं कुणी नक्कल करतंय. नवऱ्यानं एक अ‍ॅम्प्लिफायर मांडीवर घेतला, एक मी, आणि रिक्षानं निघालो. दोन जड पोरं कडेवर घेऊन लग्नाला निघाल्यासारखे.

त्यांच्या दिवाणखान्यात कपाटभर तबकड्या होत्या. जोडी लावली, व्हॉल्व्ह लाल झाले, आणि एका बाईंचं कर्नाटकी गाणं सुरू झालं. रावसार डोळे मिटून बसले. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"मध्यें कोणी नाहीं, अम्मा," ते म्हणाले. "गाणारी कुठें गेली?"

मी ऐकलं. खरंच होतं. आवाज डावीकडे होता, उजवीकडे होता, भिंतीवर होता, पण दोन स्पीकरच्या मधोमध, जिथं गाणारी बाई बसलेली वाटायला हवी, तिथं ओसाड. घरी माझ्याकडे चांगला स्पीकर एकच. दोघांना वेगवेगळं वाजवून पाहिलं होतं, एकत्र कधीच नाही. माझे कान तापले. नवरा छताकडे बघायला लागला. मला कामावर नेण्याचा डबा डोळ्यांसमोर दिसला.

मग मला आई आठवली. तिचं मनगट आठवलं. दांडा ती अंगाकडे फिरवत होती! फेरे मोजणारा आकडा कसाही फिरवला तरी पुढंच जातो. मी शेजारी बसून चहा घेत ते बघत होते आणि मला काही खटकलं नाही, कारण ती दिशा मला जन्मापासून ओळखीची. बारीक तार तिची एकीकडे, जाड तार माझी दुसरीकडे. उजवीत दोन्ही माझ्याच, एकाच दिशेनं. म्हणून उजवा स्पीकर हवा ढकलत होता तेव्हा डावा ओढत होता आणि मधली बाई दोघांच्या भांडणात नाहीशी झाली होती.

मी उठले, डाव्या अ‍ॅम्प्लिफायरच्या मागं स्पीकरला जाणाऱ्या दोन वायरी काढल्या, अदलाबदल करून लावल्या. बस, एवढंच. तबकडी पुन्हा सुरू झाली आणि बाई मधोमध येऊन बसल्या. अगदी मांडी घालून. रावसारांनी पूर्ण बाजू संपेपर्यंत डोळे उघडले नाहीत.

मग मी त्यांना सगळं सांगून टाकलं, आईचं, चरख्याचं. म्हटलं, डाव्या अ‍ॅम्प्लिफायरची पेटी घरी नेऊन आतून सरळ करून आणते. लपवून विकायचं असतं तर वायर बदलून गप्प बसता आलं असतं. पण पहिलाच माल होता, खोटं बोलून सुरुवात नको.

"परवा इल्लै, कांहीं हरकत नाहीं," ते म्हणाले. "आईंनी केलें तें अस्सेंच असूं दे. दोन्ही इथेंच राहूं देत." मग पेटीला लावलेल्या पितळी पट्टीवरचं माझं नाव त्यांनी चष्मा लावून वाचलं, "सुनंदा, अंबत्तूर", आणि खिशातलं पेन पुढं केलं. "ह्याच्यावर आईंचें नांव नाहीं. लिहा."

मी डावी पेटी उलटी केली आणि बुडाशी लिहिलं: हौसाबाई, इचलकरंजी. आयुष्यभरात तिच्या हातच्या मालावर तिचं नाव पडलं ते पहिल्यांदाच.

तुमच्यापैकी ज्या बायका गावी राहिल्या त्यांना, आणि माझ्यासारख्या कुठं कुठं जाऊन पडल्या त्यांनाही, ही गोष्ट मी फुशारकीनं सांगतेय. सांगणारच. सुपरवायझरकीला मी नाही म्हणून कळवलं.

आईला फोन केला. जोडी विकली म्हटल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला, "नाव कुनाचं घातलंस?" दोघींचं, म्हटलं. मग मी मजा म्हणून सांगितलं, की तू तार उलटी फिरवली होतीस.

"उलटी?" ती उसळली. "चाळीस वरसं माझा हात असाच फिरतुया. तुजाच उलटा झाला आसंल, बग जा."

फोन ठेवला आणि खरंच बघायला बसले. रिकामी कांडी टेबलावरच होती. यंत्राला लावली, बाजारातून आणलेल्या नव्या सुताचं टोक अडकवलं आणि विचार न करता दांडा फिरवला. चार-पाच फेरे झाल्यावर हाताकडे पाहिलं. तारेवर बसले की माझा हात अंबत्तूरचा असतो. सुतावर तो अंगाकडे फिरत होता.