कमळाच्या टाक्यातले मासे

पावसाळ्यातल्या वर्षावासाचे दिवस होते आणि माझं मन कुठेच ठरत नव्हतं. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली माझी लेक सुजाता एक दिवस आड तापायची. आधी अशी हुडहुडी भरायची की अंगावरच्या गोधड्या हलायच्या, मग ताप चढायचा, मग घामाने चिंब होऊन ती गळून पडायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा हसत उठून बसायची. सुई टोचून उतरवलेला ताप परत आला, तेव्हा माझ्या मनात संशयाने घर केलं. शेजारणीने दिलेल्या भाजीवर संशय, नळाच्या पाण्यावर संशय, आणि ‘पोटुशीले कोनाची तरी नजर लागली’ म्हणणाऱ्या बाईवर तर सगळ्यांत जास्त. रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचनाला बसायचे, ‘बुद्धं सरणं गच्छामि’ हे तिसरण म्हणायचे, आणि डोळे मिटले की एकेकाचा चेहरा समोर आणून तपासायचे. आमच्या धम्मात नवस नाही, मागणं नाही. मग मी हात पसरू तरी कोणापुढे?

विहारासमोर सिमेंटचं टाकं आहे. त्यातली कमळं वंदनेला घेतो. एका सकाळी फुलं काढायला गेले, तर एक अनोळखी बाई वाकून प्लॅस्टिकच्या कॅनमधून टाक्यात काहीतरी ओतत होती. मी धावत जाऊन तिचा हात धरला.

“काय टाकून राहिली वो? कोन होय तू?”

“मासे होत, मावशी. गप्पी मासे. मी दवाखान्याकडून आली. हे मासे मच्छराचे किडे खातेत. वाकून पाहा न, किती वळवळून राहिले.”

पाहिलं. पानांच्या बुडाशी खरंच बारीक किडे वळवळत होते. पण संशयाचं असं असतं, की पुरावा दिला तरी तो त्यालाच गिळतो. मला वाटलं, हे किडे हिनेच तर आणून टाकले नसतील? चार माणसं जमली. मला आणखी चेव आला.

“माही पोरगी तापानं मरून राहिली, अन् तू पान्यात औषध ओतून राहिली!”

तिने कॅन खाली ठेवला. “एक दिवस आड येते काय ताप? थंडी वाजून?”

हे हिला कसं कळलं? मी आणखीच बिचकले. ती माझ्यामागोमाग घरी आली, बोटातला रक्ताचा थेंब तपासायचा म्हणाली, तरी मी दारातच आडवी उभी राहिले. “रगत कायले पायजे तुले?” आतून खाटेवरून सुजाताचा आवाज आला, “आई, घेऊ दे.” आणि माझ्याकडे न पाहता तिने स्वतःच बोट पुढे केलं.

पट्टीवर थेंब पडला. थोड्या वेळाने दोन रेघा उमटल्या.

“मलेरिया हाय, मावशी. पोटात लेकरू हाय, म्हून मी इथं गोळ्या देत नाही. आताच दवाखान्यात चला.” तिने फोन करून गाडी बोलावली. पवनीच्या रस्त्याने जाताना मी दोघींच्या मध्ये बसले होते, लेकीच्या पोटावर हात ठेवून. गाडी वळली की मी खिडकीबाहेर डोकावायचे. हे आपल्याला नेतात तरी कुठे?

दवाखान्यात परिचारिकेने सुजाताला आत नेलं आणि मला बाहेर थांबवलं. दार बंद झालं. मी भिंतीला टेकून खाली बसले. संशय घ्यायलाही अंगात बळ उरलं नव्हतं. ओठांवर आपोआप तिसरण आलं. आयुष्यभर म्हटलेले तेच शब्द, पण त्या वेळी मिटल्या डोळ्यांपुढे एकही चेहरा आला नाही. मी काही मागितलं नाही. आत एक मोठी शांतता पसरत गेली, जणू कोणीतरी माझ्या डोक्यावरची मोळी उतरवून घेतली. किती वेळ बसले होते, आठवत नाही. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, “बाळाचे ठोके चांगले आहेत. आज आणलंत ते बरं केलंत.”

ती बाई तोवर बाकावर बसून होती. मी तिला विचारलं, आमच्याच गावी आज कशी आलीस?

“तुमच्या गावची आज पाळीच नव्हती, मावशी. मी पुढच्या गावाले जाऊन राहिली होती. नाल्याच्या पुलावरून पानी वाहून राहिलं, म्हून इकडं वळली.”

मी हात जोडले, तर तिने ते धरून खाली केले. “मले हात नोका जोडू. पोरगी बाळंत होऊन घरी आली की दोघांलेही मच्छरदाणीत निजवजा.”

पुलावर पाणी का आलं, याचं उत्तर मी शोधत नाही. पाऊस होता, नाला भरला, एवढंच मला सांगता येतं. पण त्या पाण्याचे उपकार मी विसरलेले नाही आणि त्या बाईचेही.

सुजाताला मुलगी झाली. दिवेलागणीला मायलेकी मच्छरदाणीत शिरल्या की मी चारही बाजूंचा काठ गादीखाली खोचते, कुठे फट राहिली नाही ना, ते हात फिरवून पाहते. बाहेर डास गुणगुणत असतात. पूर्वीची मी रात्रभर तिथेच बसून राहिले असते. आता काठ नीट खोचला की माझ्या हातातलं संपलं, असं मनाशी म्हणते आणि जाऊन निवांत झोपते.