सासूबाईंच्या गाण्याची दुरुस्ती

आमचे हे, नरेंद्र, म्हणजे एक नंबरचे हट्टी. डोक्यात काही शिरलं की कुणाचा बाप आला तरी निघायचं नाही. मिसरूड फुटायच्या आधीपासून भिवंडीत कापडाचा लूम चालवला. लूम बंद पडायला लागले तसा कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि काल्हेरच्या गोडाऊनमध्ये एन्ट्री मारायला लागले. एकदाचा लूममधून सुटलो, असं नातेवाइकांना सांगत फिरले. गोडाऊनमधला एक जुना कॉम्प्युटर घरी आणला, त्यात विंडोजऐवजी लिनक्स टाकलं. ते फुकट मिळतं ना, म्हणून.

माझ्या सासूबाई, बायजाबाई, अंजूरच्या विहारात भीमगीतं म्हणायच्या. त्या गेल्या आणि मागे त्यांच्या गाण्याची एकच कॅसेट राहिली. घरात टेप नव्हता, म्हणून ती कित्येक वर्षं कपाटातच पडून होती. दोन हजार सहा साली यांनी ठाण्याच्या एका दुकानात तिची सीडी करून घेतली. सीडी झाली आणि तिथल्या मशीननं कॅसेटची पट्टीच गिळली. घरी येऊन हेडफोन लावून सीडी ऐकली, तर ढोलकी वाजतेय आणि आईचा आवाज नाही. फोनवर दुकानदाराशी ओरडून भांडले. तोही ओरडला, सगळं साफ ऐकू येतं, तुमचं मशीन तपासा.

झालं, तिथून वेड लागलं. लिनक्समध्ये म्हणे गाणं वाजवायचा प्रोग्रॅम तयार मिळतो, आणि त्याचा सोर्सही मिळतो. सोर्स म्हणजे काय, तर सूत आणायचं आणि कापड आपणच विणायचं, असं यांनी मला समजावलं. कमांड मारली की स्क्रीनवर ओळीच ओळी पळायच्या, आणि मध्येच लाइट जायची. भिवंडीत लाइट जायला काय मुहूर्त लागतो? आधी प्रोग्रॅम नव्यानं बांधला, मग साउंड कार्डचा ड्रायव्हर, मग लिनक्सचा अख्खा गाभाच. दर वेळी हेडफोन लावायचे, डोळे मिटून बसायचे आणि थोड्या वेळानं हेडफोन आपटायचे. ढोलकी हाय, आई न्हाय.

मी वैतागून गेले होते. एका सुट्टीला माणूस माणसासारखा बसेल तर शपथ. मेलेल्या बाईला आता निवांत राहू द्या, असं म्हटलं तर उत्तरच नाही. मला वाटायचं, मुद्दाम दुर्लक्ष करतात.

मग एका शुक्रवारी, शेजारच्या लूमला सुट्टी असल्यामुळे गल्ली शांत होती आणि मी भाकऱ्या थापत होते. अचानक सासूबाई गायला लागल्या. तवा तसाच टाकून बाहेर धावले. हेडफोनची पिन स्पीकरमधून निसटली होती आणि आवाज पार वर केलेला. तोच किनरा आवाज, कडव्याच्या शेवटी दम लागून तुटणारा. समोरची ललिता दारात येऊन उभी राहिली. आणि हे आपले डोळे मिटून, हेडफोन लावून बसलेले.

चाहूल लागली तसे म्हणाले, "बघ, आजपण शब्द येत न्हाईत."

मला रडू आलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दारातल्या ललिताकडे पाहिलं, मग लोंबणाऱ्या पिनेकडे.

"तुला ऐकू येतंय?"

मी मान हलवली.

डॉक्टर म्हणाले, लूमच्या आवाजानं कानाच्या नसा मेल्यात, ढोलकीसारखा जाड आवाज तेवढा पोचतो, बारीक नाही, आता काही होणार नाही. आमच्या घरात सगळेच ओरडून बोलतात, शेजारी लूम धडधडत असताना हळू कोण बोलणार? म्हणून कुणाच्या लक्षातच आलं नाही. सुटलो म्हणत होते. कसले डोंबलाचे सुटले!

आता ते सोर्सच्या नादी लागत नाहीत. शुक्रवारी सीडी लावतात, मला समोर बसवतात आणि माझ्या तोंडाकडे बघत राहतात. आई गायला लागली की मी मान डोलवायची, थांबली की थांबायचं. परवा मध्येच त्यांनी विचारलं, "आता काय म्हणतेय आई?"

मी त्यांच्या कानाशी वाकून ती ओळ ओरडून सांगितली. त्या ओरडण्यात सासूबाईंची पुढची ओळ मलाही ऐकू आली नाही.