बांबूचं दुसरं टोक

कळंबोलीच्या लोखंड बाजारात हमालांची जोडी उंची बघून लागते. सळयांच्या भाऱ्यावर आडवा बांबू, मधे दोर, दोन टोकांना दोन खांदे. एक जण बुटका असला की दोर त्याच्याकडे सरकतो आणि त्याचा खांदा फुटतो. काशिराम आणि देवजी बोटभरही कमीजास्त नव्हते. अकरा वर्षं पुढचा बांबू त्यांचाच. मागचा बांबू दुसऱ्या जोडीचा.

सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात काशिरामला खोकला लागला. मुंबईच्या इस्पितळात आधी क्षय निघाला, मग त्यामागचा आजार निघाला. तो एड्सचा. क्षयाच्या गोळ्या वर्षभरात संपल्या. खोकला गेला, वजन भरलं. एक पांढरी गोळी मात्र रोज घ्यायची, थांबवायची नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं की हा आजार शिवून, घामाने, एका भांड्यात खाऊन पसरत नाही. काशिरामने ते पाठ केलं. पण हमालांच्या टोळीत इस्पितळाचा कागद कोणीतरी पाहिला आणि बोलायची वेळ आली तेव्हा त्याच्या तोंडून नीट वाक्य निघालं नाही.

टोळीने आपल्या परीने विचार केला. खांद्यावर घ्यायच्या गोणपाटाच्या चुंबळी सगळ्यांच्या एकाच खिळ्याला असत. हाताला येईल ती घ्यायची. प्रत्येक चुंबळीत सगळ्यांचा घाम. काशिरामची चुंबळ वेगळ्या खिळ्याला गेली. तीन दिवसांनी खिळाही भिंतीच्या पलीकडे गेला.

मुकादम कमलाकर वाईट माणूस नव्हता. म्हणाला, काशिरामने बसावं, टोळी त्याचा वाटा देईल. काशिरामला बसता येईना. न उचललेल्या मालाचा वाटा त्याने कधी घेतला नव्हता. तो सळयांवर बसायचा, उठायचा, गेटपर्यंत जाऊन परत यायचा. समोर देवजीबरोबर आता भरत नावाचा हमाल होता, चार बोटं बुटका. दोर त्याच्याकडे सरकत होता. गाठ चुकीची होती. काशिरामला ते दिसत होतं आणि हात शिवशिवत होते.

घरी बायको, मैना, विचारायची, "बसलात ना आज?" तो म्हणायचा, "बसलो." आणि ताटावरून अर्ध्यात उठायचा.

बसवल्यापासून नवव्या दिवशी दुपारी भरतने खांदा धरला आणि तो खाली बसला. ट्रक अर्धा भरला होता. काशिराम उठला. पलीकडच्या खिळ्यावरची आपली चुंबळ आणली, बांबूचं एक टोक खांद्यावर घेतलं आणि उभा राहिला. दुसरं टोक जमिनीवर. कोणी हललं नाही. कमलाकरने तंबाखू मळायला घेतली.

बऱ्याच वेळाने देवजी आला. टोक उचललं नाही.

"ताप हाय?"

"नाय."

"खोकला?"

"गेला. वर्स झाला."

देवजीने भाऱ्याकडे बघितलं. "गाठ तू मार. भरत्याची गाठ म्हंजे म्हशीच्या गल्यातला लोढना. हलतोच."

काशिरामने गाठ मारली. दोर मधोमध बसला. उचलताना दोघांचे गुडघे एकदम सरळ झाले, नेहमीसारखे. फक्त देवजीचा आतला हात मांडीशी होता. तो हात जोडीदाराच्या खांद्यावर असतो. त्याशिवाय पावलं जुळत नाहीत. सपाट जमिनीवर निभावतं.

ट्रकला दोन फळ्या लावल्या होत्या. एका माणसाला एक फळी, मधे पोकळी, पोकळीवर भारा. फळ्या एका तालात लवत नाहीत. तिथे एकमेकांना धरलं नाही तर माणसं दोन बाजूंना फेकली जातात. काशिरामने फळीवर पाय ठेवला. त्याने आपला हात पुढे केला नाही. दुसऱ्या पावलाला त्याची फळी लवली, देवजीची वर आली, भारा हेलकावला.

तेव्हा हात आला. मानेमागून, जड, घामाने ओला. खांदा घट्ट धरून तो ट्रकच्या हौद्यापर्यंत राहिला. भारा टेकताच निघाला. देवजीने तो विजारीला पुसला. रोजही पुसत असे. आजचं पुसणं कसलं, ते काशिरामला कळलं नाही.

अशा चार खेपा झाल्या. चारही वेळा हात फळीवर आला आणि हौद्यात निघाला.

त्याने मैनाला तेवढंच सांगितलं. ती म्हणाली, "मग उद्या?"

"उद्या बघू."

त्याने गोळी घेतली आणि लवकर आडवा झाला. झोप लागली नाही. पहाटे टोळीच्या आधी तो बाजारात पोचला आणि फळ्या लावून ठेवल्या. एरवी लावतात त्यापेक्षा जरा उभ्या, एकमेकांना धरावंच लागेल अशा.