अडलेली सापीण

आखाती देशात, खैतान भागातल्या आमच्या फ्लॅटला एकच किल्ली होती आणि ती नवऱ्याच्या खिशात असायची. दार ओढलं की आपोआप लागायचं. बाहेरून उघडायचं तर किल्लीच हवी. तो पहाटे कंपनीच्या बसने मीना अब्दुल्ला इथल्या रिफायनरीत जायचा, दिवेलागणीनंतर परतायचा. मधला सगळा दिवस मी आत. लग्न होऊन चिपळूणहून आले त्याला वर्षही झालं नव्हतं.

"दुसरी किल्ली करून घ्या ना," मी म्हणायचे.

"करू या शुक्रवारी. पण तू एकटी जाणार कुठे? खाली सगळे बॅचलर उभे असतात. तुला हवं ते मी आणतोच ना?"

आणायचाही. कोथिंबिरीपासून चपलांपर्यंत सगळं आणायचा. त्यामुळे तक्रार तरी कशाची करायची, ते मला सुचायचं नाही.

समोरच्या फ्लॅटमध्ये एक इजिप्शियन बाई एकट्या राहायच्या. शाळेत विज्ञान शिकवायच्या. मला टायफॉइड झाला तेव्हा नवऱ्याला रजा मिळाली नव्हती. आठवडाभर शाळा सुटल्यावर रोज त्याच मला सूप भरवायला यायच्या. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जाताना त्यांनी आपला पाळलेला साप आमच्याकडे ठेवायचं विचारलं, तेव्हा आम्हाला नाही म्हणता आलं नाही. नवरा मात्र त्याच्या काचेच्या पेटीपासून चार हात लांब उभा राहिला. तो घरात 'साप' म्हणायचाच नाही, 'जनावर' म्हणायचा.

नारिंगी अंगावर विटकरी ठिपके, लांबी माझ्या हाताहून थोडी जास्त. बिनविषारी, शांत. मादी होती. पहिले काही दिवस मी काचेवर चादर टाकून ठेवली. मग दुपारी कंटाळा आला की चादर उचलून बघायला लागले. बघायला दुसरं होतंच काय? खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसायची.

तिने खाणं सोडलं. पोटाकडून फुगत चालली. एके दिवशी सकाळी चादर उचलली तर कोपऱ्यात पांढरी, लांबट अंडी एकमेकांना चिकटून पडलेली. मी हरखूनच गेले. पण दुसऱ्या दिवशीही तिच्या शेपटीच्या वर दोन टेंगळं तशीच होती. ती अंग आवळायची, ढकलायची, मग ढिली पडायची. शेवटी तोंड किंचित उघडं ठेवून नुसती पडून राहिली. आमच्या गावाकडे म्हैस अडली की गोठ्यात एक वेगळीच शांतता पसरते. तीच मला त्या पेटीत दिसली.

बाईंना फोन लावला. त्या इंग्रजीत भराभर बोलत होत्या, मी पुन्हा पुन्हा विचारत होते. "कोमट पाण्यात ठेव, हबीबती. पोट अजिबात दाबू नकोस, आत अंडं फुटलं तर ती जाईल. तरी नाही झालं तर डॉक्टरकडे ने. आजच." त्यांनी दवाखान्याचा पत्ता सांगितला.

मी तोवर तिला हात लावला नव्हता. डोळे मिटून उचललं. गार, जड आणि अगदी कोरडं अंग. कपडे भिजवायच्या टबात कोमट पाणी घेऊन तिला त्यात ठेवलं, डोकं बोटांवर धरून बसले. पाणी गार झालं की बदलायचे. दुपार होत आली तरी टेंगळं जागची हलली नाहीत.

नवऱ्याला फोन लागत नव्हता. प्लांटच्या आत मोबाईल नेऊ देत नसत. मी दाराशी गेले, परत आले, पुन्हा गेले. एकदा बाहेर पडले की संध्याकाळपर्यंत मला घर नाही. आणि थांबले तर ती त्या टबात मरणार, आणि मी शेजारी बसून बघणार. त्या दोन खोल्यांचा मला इतका संताप आला की तिला ओल्या टॉवेलात गुंडाळलं, झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात ठेवलं आणि दार ओढून घेतलं. कुलूप लागल्याचा खट्ट आवाज झाला आणि मी डबा छातीशी धरून जिना उतरले.

"डिब्बे में क्या है, बेटी?" टॅक्सीवाल्या पठाणाने विचारलं.

"बीमार है," एवढंच म्हणाले. त्याने पुढे काही विचारलं नाही, एसी मात्र कमी केला.

डॉक्टर सुदानी होते, उंच, हळू बोलणारे. त्यांनी इंजेक्शन दिलं आणि वाट बघायला लावली. बऱ्याच वेळाने एक अंडं सरकत आलं, बाहेर पडलं. दुसरं काही केल्या हलेना. "धरा हिला," ते म्हणाले, "सोडू नका." त्यांनी बारीक सुई घालून अंड्यातलं पाणी ओढून घेतलं. तिने माझ्या मनगटाला घट्ट वेढा घातला, बोटं बधिर झाली. मी मराठीतच तिला सांगत होते, "झालं हं बाय, झालं आता." थोड्या वेळाने चोळामोळा झालेलं कवच बाहेर आलं आणि मनगटावरचा वेढा सैल पडला.

"जगेल," डॉक्टर म्हणाले. "अंड्यांत मात्र जीव नाही. नर नसला तरी या घालतात."

काम संपलं तरी मी तिथेच बाकावर बसून राहिले. जायला जागाच नव्हती.

अंधार पडल्यावर घरी पोचले. नवरा जिन्यात उभा, चेहरा पांढराफटक. दार उघडलं तर घरात बायको नाही, पेटीत साप नाही.

"अगं, कुठे होतीस? मला काय काय वाटलं!"

"अहो, ती अडली होती."

"एका जनावरासाठी घर बंद करून गेलीस?"

"घर तुम्ही रोज बंद करून जाता," मी म्हणाले. आवाज मोठा झाला नव्हता. मग तिला पेटीत ठेवलं आणि पानं घेतली.

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना तो किल्ली करून घेऊन आला. मी त्याच आठवड्यात एका सकाळी खाली उतरले, कोपऱ्यावरच्या बकाल्यापर्यंत, किराणा दुकानापर्यंत गेले. उन्हाने आणि नजरांनी अंग भाजलं. दही घेतलं, परत आले. बाहेर तरी कुठे मोकळं होतं!

सुट्टी संपली, बाई परतल्या. आधी मला मिठी मारली, मग पेटी उघडली. ती त्यांच्या कोपरापर्यंत चढत गेली. "बारीक झालीय," त्या म्हणाल्या, "पण ताकद आहे." पेटी समोर गेली. आमच्या खोलीत तिच्या जागी चौकोनी रिकामी जमीन राहिली. संध्याकाळी नवऱ्याने तिथे खुर्ची ठेवली, तर मी ती परत उचलून बाजूला केली.