उखर्डूभाऊंची सव्वा मूठ

आमचे मोठे जेठ, म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, उखर्डूभाऊ यांनी भडगावच्या शिवारात तीस वर्षं केळीचे घड कापले. पंजा असा रुंद, की श्रावणात कानबाईमायच्या सणाला नैवेद्याच्या रोटासाठी गहू मोजताना सगळे हसायचे. आमच्या घरी रीत आहे, घरातल्या प्रत्येक पुरुषाने आपल्या हाताने सव्वा मूठ गहू परातीत टाकायचे. त्याच गव्हाचा रोट होतो. "दादानी एक मूठ म्हंजे आपला बठ्ठासना रोट," असं आमचे हे म्हणायचे; दादाच्या एका मुठीत सगळ्यांचा रोट.

माघात भाऊंना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. वाचा वाचली, ही कानबाईमायची कृपा. डॉक्टरांनी सांगितलं ते सगळं त्यांनी निमूट केलं. तंबाखू सोडली, कमी मिठाचं वरण खाल्लं, सकाळी काठी टेकत मारुतीपर्यंत चालले. "मनातलं बोलत जा, तेही औषधच आहे," असंही डॉक्टर म्हणाले होते. तेवढं एक मात्र त्यांनी घेतलं नाही. कसं वाटतं विचारलं, की "बरं शे."

श्रावणात परात मांडली. आमच्या ह्यांनी हाक मारली, "दादा, ये, पहिली मूठ तुनी."

भाऊ भिंतीकडे तोंड करून बसले होते. म्हणाले, "मनी मूठ नका धरा औंदा."

माझ्या हातातलं सूप खाली पडलं. आमच्यात ज्याची मूठ धरत नाहीत, तो माणूस गेलेला असतो.

शेवंताबाई, माझ्या थोरल्या जाऊबाई, संतापून उठल्या. "काय बोली ऱ्हायनात? सणना दिन!"

"मना हात मरी गया वं."

"हात मरी गया. तुम्ही तं शेतस ना?"

भाऊंचा बांध एकदम फुटला. एवढा मोठा माणूस, लेकरासारखा हुंदके देऊन रडला. "रोज भ्या वाटस माले. परत झटका वना तं? तुले कोन पाही?"

"मंग सांगं का नही?"

"तू रडशी म्हनीसन."

"आते काय हसी ऱ्हायनू का मी?"

जाऊबाईंनी भाऊंचा लुळा हात गव्हात ठेवला, एकेक बोट मिटवलं, वरून आपली मूठ आवळली. परातीपर्यंत नेईस्तोवर निम्मे गहू सांडले. कोणी हसलं नाही.

रोट त्या वर्षी लहानच झाला. हात अजून तसाच आहे. पण आता सकाळी चालताना भाऊ मध्येच थांबतात, "आज भ्या वाटस," म्हणतात, आणि जाऊबाई भर रस्त्यात त्यांना धरून उभ्या राहतात.